भुंगेऱ्यांचं लोकार्पण

बाजीराव टेलिफोन खात्यात लाईनमन होते. जुन्नर तालुक्यातल्या बहुतेक खांबांवर ते कधी ना कधी चढलेले. पुढं मोबाईल आले, तारा चोरीला गेल्या, खांब लोकांच्या गोठ्यांना लागले आणि बाजीराव स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी येऊन बसले. आमचं गाव बोरी बुद्रुकच्या पलीकडं, कुकडीच्या काठाला. नाव लिहीत नाही. सरपंचबाईंचे यजमान सयाजी अजून त्याच जागेवर आहेत. ते स्वतः काही वाचत नाहीत, पण त्यांना वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत.

बौद्धवस्तीत बाजीरावांचं दोन खोल्यांचं पक्कं घर, मागं थोडी जिराईत आणि त्याच्याही मागं गायरान. गायरानात एकच पीक जोमात यायचं, ते म्हणजे गाजरगवत. या गवताला काही लोक एका पक्षाच्या नावानं ओळखतात. आमच्या गावात सगळ्या पक्षांचे लोक असल्यानं आणि बऱ्याच जणांनी दोन-तीन पक्ष आलटून पालटून वापरलेले असल्यानं, सभेत त्याला गाजरगवतच म्हणायचं असा अलिखित नियम आहे.

बाजीरावांच्या मंडळी जानकाबाई यांना हे गवत सोसत नव्हतं. पाऊस स्थिरावला, गवताला पांढरी बारीक फुलं आली, की त्यांचे हात, मान आणि पापण्या सुजायच्या. खाजवून खाजवून कातडी जाड झालेली. भाद्रपदात त्या दार लावून बसायच्या आणि रानात जावंच लागलं तर नवऱ्याचा खात्याचा जुना खाकी शर्ट अंगात घालून जायच्या. त्या शर्टात त्यांना लांबून पाहून एकदा गावातल्या संपत शेवाळ्याच्या म्हातारीनं विचारलं होतं, की टेलिफोन परत चालू झाला का.

नारायणगावच्या कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, "या गवतापासून लांब राहा."

"मी लांबच जाते, डॉक्टर," जानकाबाई म्हणाल्या. "तेच जवळ येतं."

ग्रामपंचायतीला गवताची काळजी नव्हती असं नाही. दर वर्षी ऑगस्टात निर्मूलन मोहीम व्हायची. सरपंच प्रतिभाताई हातात विळा घेऊन उभ्या राहायच्या, त्यांच्यापुढं सयाजी उभे राहायचे आणि फोटो निघायचा. फोटोत प्रतिभाताईंचा विळा तेवढा दिसायचा. मग गावच्या कमानीपासून मोहीम सुरू व्हायची आणि डांबरी रस्ता संपतो तिथं संपायची. बौद्धवस्ती डांबर संपल्यावर सुरू होते. पाण्याची नवी लाईन, गटार, दिवाबत्ती ह्या सगळ्या गोष्टींना तिथवर आल्यावर दम लागायचा, तसा मोहिमेलाही लागायचा.

बाजीरावांनी स्वतः गवत उपटून पाहिलं, तणनाशक मारून पाहिलं. गवत पंधरवडाभर माघार घ्यायचं आणि मग दुप्पट संख्येनं परत यायचं. खांबावर चढून सुटणारा हा प्रश्न नव्हता, त्यामुळं ते जरा हताश झाले होते.

अशाच एका पावसाळ्यात ते महाळुंगे पडवळला गेले. तिथं जानकाबाईंचं माहेर. मेहुणे रवींद्र यांनी नव्या विहिरीला पाणी लागलं म्हणून बहिणीला आणि दाजींना जेवायला बोलावलं होतं. बहिणीच्या पापण्या सुजलेल्या, म्हणून दाजी एकटेच गेले. जेवण झाल्यावर रान बघायला बांधावर गेले आणि तिथंच उभे राहिले. बांधावरच्या गाजरगवताची चाळण झाली होती. पानं नावाला नव्हती, नुसत्या शिरा आणि काड्या. फूल एक नाही.

"काय मारलं, रवींद्र?"

"काय न्हाई. ते किडं खात्यात त्याला."

बाजीराव वाकले. मुगाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा किडा, पिवळट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, कुणी बारीक कुंचल्यानं काढल्यासारख्या. पानाच्या खालच्या अंगाला पिवळी अंडी, शेंड्यात मळकट अळ्या. शेजारीच वांग्याचं वावर होतं, त्याच्याकडं एकाही किड्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं.

"हे आलं कुठनं?"

"कृषीवाल्यांनी कुठंतरी सोडलं व्हतं म्हणत्यात, मागं कधीतरी. मेक्सिकन भुंगेरा नाव हाय. तिकडचा हाय."

"आन् गवत?"

"गवत बी तिकडचंच."

"मंग वळखत असतील एकमेकाला," बाजीराव म्हणाले, आणि मेहुण्याच्या घरातला स्टीलचा डबा मागून घेतला.

डब्याच्या तोंडाला फडकं बांधून ते कळंबच्या फाट्यावर एसटीत बसले. डब्यात गाजरगवताचे शेंडे आणि त्यांवर मेहुण्याकडचे पाहुणे. कंडक्टरनं तिकीट फाडताना डब्याकडं पाहिलं.

"फडक्याखाली काय हालतंय, बाबा?"

"बायकोचं औषध हाय."

कंडक्टरनं जरा वेळ विचार केला आणि पुढच्या सीटवर जाऊन उभा राहिला. नारायणगाव येईपर्यंत बाजीरावांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

घरी जानकाबाईंनी फडकं सोडून पाहिलं. "बाकीच्या बायकांला माहेरावरनं साडी येती," त्या म्हणाल्या. "मला किडं आलं."

बाजीरावांनी ते मागच्या गवतात सोडले. पहिल्या वर्षी फारसं काही दिसलं नाही. इथं दोन झाडं खाल्लेली, तिथं चार. थंडी पडली, गवत वाळलं आणि किडे दिसेनासे झाले. जानकाबाईंनी जाहीर केलं, की गेलं तुमचं मेक्सिको. बाजीरावांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणाला, मातीत शिरून झोपत्यात, पावसाला उठत्यात. बाजीरावांना हे पटलं. खात्यात असे पुष्कळ जण त्यांनी पाहिले होते, फरक इतकाच, की ते पावसालाही उठत नसत.

पुढच्या जूनमध्ये जमीन ओली झाली आणि भुंगेरे खरोखर वर आले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तर गायरानाचा रंगच बदलला. सगळीकडं तपकिरी काड्या. जानकाबाईंनी श्रावणात कांद्याचं रोप स्वतःच्या हातानं, उघड्या हातानं टाकलं. रात्री खाज आली नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत रानात जाऊन पाहिलं. तरी आली नाही. खाकी शर्ट मग त्यांनी बुजगावण्याला दिला.

इथवर सगळं सुरळीत होतं, कारण गावाला काही कळलं नव्हतं.

कळलं ते जिल्ह्याच्या कुठल्याशा स्पर्धेमुळं. गाजरगवतमुक्त गावाला बक्षीस होतं, आणि जैविक उपाय केला असेल तर जास्तीचे गुण होते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ते सयाजींना वाचून दाखवलं. जैविक म्हणजे काय, यावर ऑफिसात चर्चा झाली. शिपाई म्हणाला, वस्तीत बाजीरावभाऊंनी किडे पाळलेत, ते जैविकच असणार.

सयाजी निवडणुकीनंतर पहिल्यांदाच वस्तीत आले. गायरानात उभं राहून त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि काड्यांकडं कौतुकानं पाहिलं.

"बाजीरावभाऊ, लई मोठं काम केलं राव गावानं," ते म्हणाले.

"कुठल्या गावानं?"

"आपल्या. आता जिल्ह्याचं साहेब येणार हायत. त्यांच्या हस्ते किड्यांचं लोकार्पण करायचं. तुमी फक्त एक बरणी भरून द्या."

"माझं कुठं हायत किडं," बाजीराव म्हणाले. "रानातलं हायत. न्या की."

जानकाबाई दारातून म्हणाल्या, "बरणी परत द्या. लोणच्याची हाय."

तयारी जोरात झाली. कमानीला फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांचे फोटो, मध्ये सयाजी, कोपऱ्यात प्रतिभाताई आणि खाली किडा. किडा लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा होता. बाजीरावांनी पाहिलं आणि सयाजींना सांगितलं, की हा तो न्हाई.

"मला म्हाईत हाय," सयाजी म्हणाले. "पण तुमचा दिसायला तेवढा बरा न्हाई."

साहेब येणार म्हणून रस्ता स्वच्छ करणं भाग होतं. जेसीबी आणला. कमानीपासून शाळेपर्यंत दोन्ही बाजूंचं गाजरगवत मुळासकट खरवडून काढलं, वर मुरूम टाकला, चुना मारला. गाव इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. कार्यक्रमाच्या सकाळी भाऊसाहेब चुन्याच्या रेघेवर उभे राहून घाम पुसत म्हणाले, "सयाजीराव, साहेब किडे सोडणार कशावर?"

सयाजींनी आजूबाजूला पाहिलं. गवताची काडी नव्हती.

"मुरमावर न्हाई चालणार?"

बाजीरावांना बोलावणं गेलं. त्यांनी सांगितलं, की हे किडे दुसरं काही फारसं खात नाहीत, त्यांना गाजरगवतच लागतं. मग गाजरगवताची शोधाशोध सुरू झाली. वस्तीमागं होतं ते किड्यांनी खाल्लेलं, साहेबांना दाखवण्यासारखं नव्हतं. शेवटी संपत शेवाळ्याच्या बांधावर हिरवंगार, कमरेइतकं गवत सापडलं. संपतचा त्या बांधाला कधी हात लागला नव्हता. ट्रॉली गेली, मुळाला माती ठेवून रोपं काळजीपूर्वक काढली आणि कमानीजवळ मुरमात खड्डे घेऊन ओळीनं लावली. मग टँकरनं पाणी दिलं. बाजीराव हे बघत कमानीच्या सावलीला उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गाजरगवताची दया आली.

साहेब दोन तास उशिरा आले. त्यांचे त्या दिवशी बरेच कार्यक्रम होते आणि यातला कुठला कुठल्या गावात, याचा त्यांच्या मनात थोडा घोटाळा झाला असावा. गाडीतून उतरताच त्यांना ओळीनं लावलेली, पाणी घातलेली रोपं दिसली. ते प्रसन्न झाले. त्यांनी झारी मागितली आणि पहिल्या रोपाला पाणी घातलं. फोटो निघाले. भाषणात ते म्हणाले, की ही रोपं लावून थांबू नका, प्रत्येक घरानं एक रोप दत्तक घ्यावं आणि लेकरासारखं वाढवावं. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात भाऊसाहेबांनी वाजवल्या, कारण दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

मग बरणी आली. ती सकाळपासून उन्हात टेबलावर होती. साहेबांनी झाकण काढून ती उलटी केली. निम्मे भुंगेरे मरगळून मुरमावर पडले, निम्मे उडाले, एक साहेबांच्या खिशावर बसला. सयाजींनी तत्परतेनं तो झटकला आणि बुटाखाली घेतला. लोकार्पण पार पडलं. बाजीराव मागच्या रांगेत होते. त्यांचं नाव भाषणात आलं नाही, पण पेढा मिळाला आणि बरणीही परत मिळाली.

"शाल दिली का?" जानकाबाईंनी विचारलं.

"साहेबांला दिली."

"साहेबांनी काय केलं?"

"गवताला पाणी घातलं."

जानकाबाई बराच वेळ हसत होत्या.

त्यानंतर महिना गेला नसेल. संपत शेवाळेनं घरच्या तेलापुरतं सूर्यफूल लावलं होतं, त्याच्या पानांना भोकं पडली. संपत पाहायला गेला तर चार-दोन पानांवर नागमोडी रेघांचे किडे बसलेले. त्याच्या बांधावरचं गाजरगवत कार्यक्रमाला गेलं होतं. भटकत आलेल्या भुंगेऱ्यांना तिथं जे सापडलं, ते त्यांनी चाखून पाहिलं. बाकीची पानं केसाळ अळीनं खाल्ली होती आणि ती अळी तिथंच पानाखाली होती. पण अळीचं लोकार्पण झालं नव्हतं, त्यामुळं तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

संपत तावातावानं ऑफिसात गेला. "पंचायतीच्या किड्यानं माझं पीक खाल्लं."

सयाजी म्हणाले, "पंचायतीचा कसा? किडा बाजीरावचा."

ग्रामसभा भरली. एरवी ग्रामसभेला माणसं गोळा करावी लागतात, पण त्या दिवशी देवळाचा मंडप भरला. संपतनं सूर्यफुलाचं पान दाखवलं. मग एकेकाला आठवू लागलं. कुणाचा टोमॅटो कुजला होता, तो किड्यानंच. कुणाच्या झेंडूला भाव मिळाला नव्हता, त्यातही किड्याचा हात असावा. एकजण म्हणाला, त्याची म्हैस महिनाभर दूध कमी देते.

जानकाबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या उठल्या. "किडं धार काढाया आलं व्हतं का तुमच्या गोठ्यात?"

लोक हसले. म्हैसवाला खाली बसला. पण सयाजींना विषय मिटवायचा नव्हता, ढकलायचा होता. ते म्हणाले, "बाजीरावभाऊ, तुमी तुमचं किडं तुमच्या हद्दीत ठिवायला पायजेत."

बाजीराव उभे राहिले. खांबावर चढणाऱ्या माणसाला घाई करायची सवय नसते. "त्यांच्या कानात बिल्ला न्हाई, सयाजीराव. सापडला तर वळखायचा कसा, तुमचा का माझा? फ्लेक्सवर व्हता तो तुमचा. त्यो लाल व्हता. लाल दिसला का, संपत?"

"न्हाई," संपत म्हणाला. "पांढरा व्हता."

"मंग बाजीरावचाच," सयाजी लगेच म्हणाले.

बाजीरावांनी संपतला सांगितलं, की पान उलटं करून बघ, केसाळ अळी दिसंल. संपतनं पान उलटं केलं नाही. त्याला लोकांसमोर खोटं ठरायचं नव्हतं. शेवटी ठराव झाला, की सदर भुंगेरे हे ग्रामपंचायतीचे नसून खाजगी आहेत आणि त्यांचा फवारणी करून बंदोबस्त करावा. त्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी स्पर्धेसाठी माहिती पाठवली, की सदर भुंगेरे ग्रामपंचायतीनं आणले आहेत. भाऊसाहेब मनाचे सरळ होते. दोन्ही कागदांवर त्यांनी एकाच शाईनं सही केली.

फवारणीचा ट्रॅक्टर निघाला. द्राक्षबागेला वापरतात तसला मोठा ब्लोअर मागं जोडलेला. कमानीजवळच्या गवतावर मारलं, शाळेजवळ मारलं, संपतच्या बांधावर मारलं. त्याचा घरघराट वस्तीकडं यायला लागला तशा जानकाबाई कासावीस झाल्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले, जणू कुणी हातच न्यायला येत होतं.

"अवं, काय तरी करा," त्या म्हणाल्या.

बाजीरावांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, डांबर संपतं तिथं गल्लीच्या तोंडाशी मधोमध ठेवली, तिच्यावर बसले आणि चहा मागवला. ट्रॅक्टर येऊन थांबला. ड्रायव्हर धर्माजी गावातलाच. उन्हाळ्यात पाण्याचा टँकरही तोच चालवतो.

"भाऊ, खुर्ची काढा. वस्तीत मारायचंय."

"काढतो की," बाजीराव म्हणाले. "पर पुढं गल्ली अरुंद हाय, धर्माजी. गाडी वळायची न्हाई."

"वळंल की."

"चैतात टँकर आणायला मी तुला सांगत व्हतो, तवा तूच म्हणला, गल्लीत गाडी वळत न्हाई. टँकर हितंच उभा केला तू. बायांनी हंडे वाहिले. तवापासनं मी काय गल्ली रुंद केली न्हाई."

धर्माजीनं गल्लीकडं पाहिलं. गल्ली चैत्रात होती तेवढीच होती. आता गाडी वळते म्हणावं, तर पुढच्या चैत्रात टँकर आत न्यावा लागला असता. त्यानं बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

"न्हाईच वळत," तो म्हणाला. आणि ट्रॅक्टर मागं घेतला.

जानकाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा घरघराट लांब गेला होता. "इतकी वर्षं काय बी हितवर येत न्हाई म्हणून मी भांडत व्हते," त्या म्हणाल्या. "आज आलं न्हाई, ते बरं झालं." त्यांनी चहाचा अर्धा कप स्वतः घेतला आणि उंबऱ्यावर बसल्या.

गावाला बक्षीस मिळालं, दुसऱ्या क्रमांकाचं. सयाजींनी ते स्वीकारलं. प्रतिभाताईही मंचावर होत्या, त्यांच्या पदराची कड तेवढी फोटोत दिसते. कमानीजवळच्या गाजरगवताला मात्र चांगले दिवस आले. खायला कुणी उरलं नव्हतं, टँकरचं पाणी मिळालं होतं आणि साहेबांच्या हातचं रोप म्हणून ते उपटायची कुणाची हिंमत नव्हती. ते छातीइतकं झालं, फुललं आणि त्याचं बी वाऱ्यानं जिकडंतिकडं गेलं. कमानीला लागूनच सयाजींचा बंगला.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी प्रतिभाताई चालत वस्तीत आल्या. बरोबर सयाजी नव्हते, भाऊसाहेब नव्हते. पदर तोंडावरून ओढलेला. जानकाबाईंनी ओसरीवर बसायला दिलं. प्रतिभाताईंनी पदर बाजूला केला. पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते, मानेवर चट्टे होते.

"जानकाबाई, तुमी कोणत्या डॉक्टरला दाखवलं व्हतं?"

जानकाबाईंना बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्या मानेचे चट्टे वाकून बघत राहिल्या. ते कसे असतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"डॉक्टर मलम देतील," त्या म्हणाल्या. "ते लावा. खाजवू नका, पाण्याची पट्टी ठिवा. पर गवत ऱ्हायलं तर मलमाचा उपयोग न्हाई."

"उपटून टाकू म्हणलं तर हे ऐकत न्हाईत. साहेबांचं हाय म्हणत्यात."

"उपटू नका. अंगाला लागंल. चला माझ्यासंगं."

दोघी मागं गायरानात गेल्या. बाजीराव तिथंच होते, त्यांनी पानं हलवून भुंगेरे जुन्या धोतराच्या फडक्यात गोळा करून दिले. सरपंचबाईंनी फडक्याची गाठ स्वतः मारली. जाताना त्या थांबल्या आणि विचारलं, की ह्याला ठराव लागतो का.

"न्हाई," बाजीराव म्हणाले. "निस्तं सोडायचं."

त्यांनी ते सोडले. कमानीजवळ, दिवसाढवळ्या, एकट्यानं. पारावर बसलेल्यांनी पाहिलं आणि सयाजींना सांगितलं. सयाजी घरी जाऊन म्हणाले, "किडं कुणी सोडलं?" प्रतिभाताई म्हणाल्या, "मी सोडलं. सरपंच हाय मी." यावर सयाजी काय बोलले ते गावात कुणाला माहीत नाही. बहुधा काही बोलले नसावेत, कारण बोलले असते तर माहीत झालं असतं. पुढच्या ग्रामसभेत वस्तीच्या गल्लीचा विषय प्रतिभाताईंनी स्वतः वाचला. गल्ली अजून रुंद झालेली नाही, पण विषय वाचला गेला.

बाजीरावांना हे सगळं सांगायला शिपाई आला, तेव्हा घराला कुलूप होतं. नवराबायको नारायणगावच्या बाजाराला गेली होती. जानकाबाईंना बांगड्या भरायच्या होत्या. सुजलेल्या मनगटावर काच चढत नाही, म्हणून कित्येक वर्षं त्यांनी ते सोडून दिलं होतं. कासारानं हात हातात घेऊन दाबून पाहिला आणि माप विचारलं. जानकाबाईंना माप आठवेना. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. बाजीरावांनाही सांगता आलं नाही. मग कासारानं अंदाजानं हिरव्या बांगड्यांचा एक जोड घेतला, तो सैल झाला. दुसरा घेतला, तो बसला.